चावी फिरवण्याआधी एक प्रदक्षिणा: अमेरिकेत पहिल्यांदाच आरव्ही किंवा ट्रेलर घेऊन निघणाऱ्यांसाठी

आमच्या पहिल्याच आरव्ही सहलीतली, म्हणजे पलंग, ओटा, बाथरूम असलेल्या घरवजा गाडीतून केलेल्या सहलीतली दुसरी सकाळ. व्हर्जिनियातलं एक कॅम्पग्राउंड, सव्वाआठची वेळ. मुलं पट्टे लावून बसली होती, आई मागच्या सोफ्यावर, बायको शेजारी नकाशा उघडून. मी चावी फिरवली, गिअर टाकला आणि गाडी जेमतेम चार फूट पुढे गेली असेल, तोच शेजारच्या जागेवरचा म्हातारा हातातला कॉफीचा मग सांभाळत, दुसरा हात हलवत समोर येऊन उभा राहिला. आमची विजेची जाडजूड केबल अजून खांबालाच लावलेली होती. आणखी दोन फूट गेलो असतो तर खांबाचं सॉकेट तरी उपटलं असतं नाहीतर गाडीचं.

गंमत म्हणजे केबल काढायची आहे हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला वाटलं मेहुण्याने काढली. मेहुण्याला वाटलं मी काढली. इंजिन, ब्रेक, टायर यांतलं काही बिघडलं नव्हतं, चुकली होती ती फक्त आमची वाटणी. तेव्हापासून निघण्याआधी मी एकटा गाडीभोवती फिरतो. घरात त्याला 'प्रदक्षिणा' म्हणतात आणि त्यावर विनोद करायची आता कोणाची हिंमत होत नाही.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, जे सुट्टीत पंचवीस-तीस फुटी मोटरहोम भाड्याने घेतात, म्हणजे ड्रायव्हरच्या टपावर पलंग असलेली, इथे 'क्लास सी' म्हणतात ती गाडी. दुसरे, जे स्वतःच्या एसयूव्हीमागे छोटा ट्रॅव्हल ट्रेलर जोडतात. दोघांच्या बऱ्याच गोष्टी सारख्या आहेत. ट्रेलरवाल्यांचं थोडं जास्तीचं काम पुढे वेगळं सांगतो.

आधी नियम, मग तपासणी

प्रदक्षिणा एकाच माणसाने घालायची आणि शक्यतो जो चालवणार त्याने. फिरताना कोणाशी बोलायचं नाही. फोन आला, मुलाने हाक मारली, शेजारी 'कुठून आलात' विचारायला आला, की ती बाजू पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आणि जे तपासायचं त्याला हात लावायचा. डोळे फसवतात. कप्प्याचं दार बंद दिसतं पण कुलूप बसलेलं नसतं, पायरी आत गेलेली दिसते पण शेवटचा खटका लागलेला नसतो.

'मी बघितलंय' हे वाक्य या कामात धरायचं नाही. दहा माणसांच्या आपल्या सहलीत ते किमान चार जण म्हणतात.

दिशा ठरलेली हवी. मी देवळातल्यासारखी गाडी उजव्या हाताला ठेवून फिरतो. इथल्या गाड्यांना स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात केली की आधी नाक, मग प्रवाशांची बाजू, मग शेपूट आणि शेवटी पुन्हा ड्रायव्हरची बाजू. यात एक सोयीची गोष्ट अशी की वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या इथे सहसा ड्रायव्हरच्याच बाजूला असतात. म्हणजे सगळ्यात जास्त विसरली जाणारी बाजू सगळ्यात शेवटी, दारात पाऊल ठेवण्याच्या आधी येते.

गाडी ताब्यात घेताना

भाड्याची गाडी घेताना समोरचा माणूस वीस मिनिटांत सगळं समजावून मोकळा होतो आणि आपण माना डोलावतो. त्या वीस मिनिटांत फोनवर व्हिडिओ चालू ठेवा. त्यात जुने ओरखडे टिपले जातात आणि रात्री सांडपाण्याचा खटका कुठला हे आठवेना की तोच व्हिडिओ कामाला येतो. टपाचं आणि बाहेरच्या पडदेवजा छताचं, म्हणजे ऑनिंगचं नुकसान विम्यात धरलंय का, हे करारात वाचून घ्या. अनेकदा धरलेलं नसतं.

मग तीन आकडे लिहून घ्या.

पहिला उंचीचा. टपावरचं एसीचं खोकं धरून गाडी किती फूट किती इंच आहे ते. क्लास सी गाड्या साधारण अकरा-बारा फुटांच्या असतात, पण 'साधारण' इथे उपयोगाचं नाही. आकडा चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर लावा.

दुसरा वजनाचा. दाराजवळच्या स्टिकरवर गाडीत सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. पाणी त्यातच धरायचं. अमेरिकन गॅलनभर पाणी म्हणजे सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त, आपल्या हिशेबात पावणेचार किलो. चाळीस गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो झालेच. कॅम्पग्राउंडवर नळ मिळणार असेल तर टाकी काठोकाठ भरून नेण्यात काही अर्थ नाही. तीच गोष्ट तांदळाच्या दोन मोठ्या पोत्यांची. प्रत्येक गावात दुकान आहे.

तिसरा टायरच्या हवेचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पुढच्या आणि मागच्या टायरचा दाब छापलेला असतो. तो पाळायचा. टायरच्या अंगावरचा आकडा त्या टायरच्या मर्यादेचा असतो, या गाडीसाठीचा नसतो. आपल्या मोटारीला तेहेतीस-पस्तीस पीएसआय भरायची सवय असते. इथे मागच्या चाकांना त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त लागते, त्यामुळे स्वस्तातला छोटा गेज पुरत नाही.

आतली फेरी, पाच मिनिटांची

आत फार वेळ लागत नाही. फ्रीजच्या दाराचा खटका, ड्रॉवर, मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी, बाथरूमचं दार, ओट्यावरचं सगळं. कुकर सिंकमध्ये ठेवला तरी वळणावर उडी मारतो, तो खालच्या कपाटात. छताच्या झडपा बंद. टीव्हीचा अँटेना हँडलने वर उचलायचा असेल तर तो खाली. हा अँटेना खालून दिसत नाही आणि झाडाच्या पहिल्या फांदीला सापडतो. भिंत बाहेर सरकणारी गाडी असेल तर ती आत घेताना एक माणूस बाहेर उभा पाहिजे, एक आत.

दोन अलार्म तपासायचे, दोन्हींवरचं बटण दाबून. एक स्वयंपाकाच्या गॅसचा. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर पसरतो, म्हणून हा अलार्म पावलांच्या उंचीवर बसवलेला असतो. त्याच्यासमोर चपलांचा ढीग किंवा बॅग लावून ठेवू नका. दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला वास नाही, रंग नाही. जनरेटर आणि इंजिनाच्या धुरातून तो येतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. या अलार्मचं आयुष्य ठरलेलं असतं, मागे तारीख असते, ती उलटून गेली असेल तर नवा मागा. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, तेही बघा आणि संकटात उघडायची खिडकी कुठली ते मुलांना खरंच उघडायला लावून दाखवा.

आता अवघड भाग. गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा असलेल्या जागेवरच बसायचं. मागे पलंग आहे, आजीचे पाय दुखतात, 'जरा आडवी होते' हे मान्य होण्यासारखं वाटतं, पण जोरात ब्रेक लागला की पलंगावरचा माणूस पुढच्या काचेपर्यंत येतो. गाडीत पलंग सहा आहेत म्हणून पट्टे सहा असतीलच असं नाही, बुक करतानाच मोजा. ट्रेलरमध्ये तर चालत्या प्रवासात माणूस ठेवणं अनेक राज्यांत बेकायदा आहे.

आणि चहा. आमच्या आईला चालत्या गाडीत ओटा, शेगडी, पाणी सगळं हाताशी बघून राहवेना. तिचं म्हणणं, रेल्वेत नाही का पँट्री असते! मी सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह निघण्याआधी बंद करतो, त्यामुळे वादाला जागा उरत नाही. फ्रीज प्रवासात बॅटरीवर चालत असेल तर उत्तम, नसेल तर दार उघडलं नाही तर चार तास थंड राहतो. इथे भाषेचा एक घोळ लक्षात ठेवा. इथले लोक पेट्रोलला 'गॅस' म्हणतात आणि आपण सिलिंडरला. 'गॅस बंद केला का' असं कोणी विचारलं तर कुठला, ते आधी स्पष्ट करा.

प्रदक्षिणा

*नाक.* गाडीखाली वाकून जमीन बघा. स्वच्छ पाण्याचे थेंब असतील तर ते एसीचं पाणी, चिंता नाही. लालसर तेलकट डाग गिअरबॉक्सच्या तेलाचा असू शकतो आणि हिरवा किंवा नारिंगी चिकट डाग इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा. असा डाग ताजा दिसला तर निघू नका, फोन करा. बॉनेट उघडून ऑइलची कांडी बघायची ती इंजिन गार असताना आणि गाडी सपाट जागेवर असताना. कूलंटचं झाकण गरम इंजिनावर कधीच उघडायचं नाही. काचा पुसा. आरसे मात्र आत्ता नको, ते सीटवर बसल्यावर.

*प्रवाशांची बाजू.* इथे दोन अपराधी आहेत, पायरी आणि ऑनिंग. पायरी बाहेर राहिली तर पहिल्याच वळणावर फुटपाथच्या कडेला आपटते. ऑनिंग गुंडाळलेलं दिसलं तरी दोन्ही हातांचे खटके ओढून बघा. हायवेच्या वाऱ्याने ते एकदा उघडलं की शिडासारखं फुगतं आणि भिंतीसकट निघतं. मग सामानाच्या कप्प्यांची दारं एकेक करून ओढायची, बाहेरच्या शेगडीचं, चपलांचं, खुर्च्यांचं. यातलं एखादं हमखास नुसतं टेकवलेलं सापडतं.

चाकांपाशी थांबा, घाई करू नका.

टायरची हवा गार टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी निदान दोन-तीन तास उभी असताना. चाललेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि 'जास्त आहे' म्हणून हवा सोडली की संध्याकाळी टायर कमी पडतो. मोटरहोमच्या मागच्या धुरीवर दोन्ही बाजूंना जोडटायर असतात. यातला आतला टायर बसला तरी बाहेरून काही दिसत नाही, कारण बाहेरचा एकटा सगळा भार उचलून उभा असतो. आणि तो फुटतो तेव्हा भर उन्हात, भर वेगात फुटतो. आपल्याकडचे ट्रकवाले टायरवर लोखंडी पान्हा किंवा लाकडी दांडा मारून आवाज ऐकतात. पूर्ण बसलेला टायर त्यातून कळतो, पंधरा पीएसआय कमी आहे हे मात्र कळत नाही. लांब दांडीचा गेज घ्या आणि आतल्या टायरचाही आकडा वाचा.

टायरचं वय अंगावर लिहिलेलं असतं. 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ सालातला तेविसावा आठवडा. आरव्ही आणि ट्रेलर वर्षातले दहा महिने उभेच असतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजून नव्हे तर उन्हाने वाळून जातात. नक्षी नव्यासारखी आणि बाजूला बारीक भेगांचं जाळं, असं दिसलं तर आणि वय सहाच्या पुढे असेल तर मी ती गाडी घेत नाही, भांडण झालं तरी चालेल.

चाकांचे नट हाताने चाचपा. नटापासून बाहेर पसरत जाणारी गंजाची रेघ दिसली तर तो नट सैल असण्याची शक्यता असते.

*शेपूट.* सायकलींचा रॅक, शिडी, जादा टायर हलवून बघा. नंबरप्लेट आणि दिव्यांवर चिखल नको. आणि इथे उभं राहून एक अंदाज डोळ्यांत साठवा. मागच्या चाकांपासून शेपटापर्यंत किती अंतर आहे? आठ-दहा फूट सहज असतं. तुम्ही उजवीकडे वळता तेव्हा हा भाग डावीकडे फेकला जातो. पेट्रोलपंपावरचे पिवळे खांब याच कारणाने वाकलेले असतात. पंपावरून निघताना आधी सरळ पुढे या, शेपूट खांबाच्या पुढे गेलं की मग वळा. आणि पंपावर शिरण्याआधी गाडीतली प्रत्येक ज्योत बंद हवी, सिलिंडरवर आपोआप पेटणारा फ्रीज धरून.

*ड्रायव्हरची बाजू.* वीज, पाणी, सांडपाणी. तिन्ही जोडण्या काढल्यात, केबल आणि नळ्या गुंडाळून आत ठेवल्यात, सांडपाण्याच्या तोंडाला झाकण घट्ट लावलंय. वीज काढताना आधी खांबावरचा ब्रेकर पाडायचा, मग प्लग ओढायचा. सांडपाण्याचे हातमोजे वेगळे ठेवा, पाण्याच्या नळीला त्या हातांनी शिवू नका. इंधनाचं झाकण. या बाजूचे टायर, तसेच सगळे. गाडी सपाट करायला खाली सोडलेले जॅक वर आणि चाकांखालचे लाकडी ठोकळे काढलेले.

मग चार पावलं मागे येऊन पूर्ण गाडी एका नजरेत बघा. आणि वर. फांदी, तार, पंपाचं छत.

ट्रेलर असेल तर

गावाकडे ट्रॅक्टरच्या हुकात ट्रॉलीची दांडी बसवली, वरून पिन टाकली की उसाची वाहतूक सुरू. ती सवय डोक्यात असेल तर ती इथे विसरा. हायवेवर साठ मैलांच्या वेगाने जाणारा ट्रेलर ही वेगळी जात आहे.

सपाट जागा निवडा आणि ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावलेले असू द्या. हे ठोकळे सगळ्यात शेवटी निघतात. उलट प्रकार, म्हणजे ट्रेलर सोडताना, ते सगळ्यात आधी लागतात. एवढा क्रम जरी पाळला तरी उतारावरून ट्रेलर निघून जाण्याचा प्रसंग येत नाही.

गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, ट्रेलरचा कपलर बसतो. बॉल मुख्यतः तीन मापांचे मिळतात, १ ७/८ इंच, २ इंच आणि २ ५/१६ इंच. माप बॉलच्या डोक्यावर आणि कपलरवर कोरलेलं असतं, दोन्ही वाचा. दोन इंची कपलर १ ७/८ च्या बॉलवर बसतो, खटकाही लागतो, सगळं नीट दिसतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उसळून निघतो. शेजाऱ्याकडून 'हिच', म्हणजे बॉल बसवलेला दांडा, उसना आणला की ही चूक होते.

कपलर बसवून खटका लावला, पिन टाकली, आता खात्री कशी करायची? ट्रेलरच्या पुढच्या जॅकचं हँडल फिरवून ट्रेलरची मान इंचभर उचला. गाडीचं मागचं अंग त्याबरोबर उचललं गेलं तर कपलरने बॉल धरला आहे. मान एकटी वर आली तर धरलेला नाही. एका मिनिटाचं काम आहे, आणि या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या. नंतर जॅक पूर्ण वर घ्यायला विसरू नका.

सुरक्षेच्या दोन साखळ्या कपलरच्या खालून फुलीसारख्या न्यायच्या, डावी उजव्या कडीत, उजवी डाव्या कडीत. चुकून कपलर सुटलाच तर मान या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. वळण्यापुरता ढिलेपणा हवा, पण जमिनीला टेकता कामा नये. लोखंड डांबरावर घासलं की ठिणग्या उडतात. हे फक्त साखळीचं नाही. २०१८ च्या जुलैत उत्तर कॅलिफोर्नियात रेडिंगजवळ एका ट्रेलरचा टायर फुटला, उघडी रिम रस्त्यावर घासत गेली आणि त्या ठिणग्यांनी कडेचं वाळलेलं गवत पेटलं. 'कार (Carr) फायर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वणव्यात सव्वादोन लाखांहून जास्त एकर जळले, हजारावर घरं गेली, माणसंही दगावली. टायर फुटल्यावर 'पुढच्या एक्झिटपर्यंत नेऊ' असं मनात आलं की मला हे आठवतं.

साखळ्यांजवळच एक बारीक तार असते, ब्रेकअवेची. ट्रेलर सुटला तर ही तार पिन ओढते आणि ट्रेलरचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर लागतात. ती गाडीच्या पक्क्या भागाला अडकवायची, साखळीला किंवा बॉलच्या काढता येणाऱ्या दांड्याला नाही, नाहीतर दांडा निसटला की सगळंच एकत्र जाईल. सहलीआधी एकदा गाडी आणि ट्रेलरमधला विजेचा प्लग काढून ठेवून ही पिन हाताने ओढा आणि गाडीने ट्रेलर हळूच ओढून बघा. चाकं अडली पाहिजेत. मग पिन लगेच परत लावा, बॅटरी उतरते.

दिव्यांचा आणि ब्रेकचा सात पिनांचा प्लग शेवटी. त्याची वायर लोंबकळत नको आणि वळताना ताणली जाईल एवढी आखूडही नको.

वजनाचं गणित इथे वेगळं आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन बॉलवर यायला हवं, म्हणजे पाच हजार पौंडांच्या ट्रेलरचं पाचशे ते साडेसातशे. जड सामान शेपटात भरलं की मान हलकी होते आणि ट्रेलर हायवेवर माशासारखा वळवळायला लागतो. तसं झालंच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने उलट झटके देऊ नका. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे ड्रायव्हरजवळच्या ट्रेलर-ब्रेकच्या यंत्राची, कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ती कळ कुठे आहे हे त्या क्षणी शोधायचं नसतं, म्हणून कॅम्पग्राउंडच्या आत चालण्याच्या वेगाने एकदा दाबून बघा. मागून ओढ लागली की ब्रेक जिवंत आहेत.

ट्रेलरच्या टायरवर 'एसटी', म्हणजे 'स्पेशल ट्रेलर', लिहिलेलं असतं. वेगळा आकडा छापलेला नसेल तर ते ताशी पासष्ट मैलांपर्यंतचेच समजा, रस्त्यावरची पाटी ऐंशी म्हणत असली तरी.

दिवे, आरसे आणि 'येऊ द्या'

आता सीटवर बसा. आरसे लावा, खाली मागची चाकं आणि वर क्षितिज दिसेल असे. दिव्यांसाठी एक माणूस मागे: डावा, उजवा, ब्रेक, रिव्हर्स. एकटेच असाल तर फोन मागे टेकवून व्हिडिओ लावा आणि सगळे दिवे क्रमाने पेटवा.

मागे घेताना आपल्या एसटीच्या कंडक्टरची पद्धत अजून चालते. 'येऊ द्या, येऊ द्या' आणि शेवटी पत्र्यावर थाप. फरक इतकाच की या गाड्यांत मागचा आवाज पुढे पोचत नाही, म्हणून हातांच्या खुणा आधी ठरवून घ्या. सांगणारा माणूस आरशात दिसेनासा झाला की त्या क्षणी थांबायचं. शंका आली की उतरून बघायचं, मागचे लोक हॉर्न वाजवोत.

कुठल्या रस्त्याने

गाडी ठीक असून रस्ता चुकीचा असू शकतो. फोनमधला नेहमीचा नकाशा तुमची उंची विचारत नाही. न्यूयॉर्कभोवतीचे पार्कवे आणि कनेटिकटचा मेरिट पार्कवे हे मोटारींसाठीचे रस्ते, त्यांचे पूल ठेंगणे. बॉस्टनच्या स्टोरो ड्राइव्हवर सप्टेंबरच्या सुरुवातीला घर बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे ट्रक दर वर्षी अडकतात, इतके की शहरात त्याला क्रियापदच पडलंय. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅममधला रेल्वेपूल अकरा फूट आठ इंचांचा होता. इतक्या गाड्यांचे टप त्याने सोलले की २०१९ मध्ये तो बारा फूट चार इंचांवर उचलला, तरी धडका थांबल्या नाहीत. उंची भरून मार्ग काढणारं आरव्हीचं अॅप वापरा आणि पाटीवरचा आकडा तुमच्या चिकटपट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघा.

न्यू जर्सीहून दक्षिणेला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: बाल्टिमोरच्या बोगद्यांत आरव्हीचे मोठे प्रोपेन सिलिंडर नेता येत नाहीत, व्हॉल्व्ह बंद असला तरी. पूर्वी लोक फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे. २६ मार्च २०२४ ला जहाजाच्या धडकेने तो कोसळला. त्यामुळे आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालणाऱ्या ६९५ वरून जायचं. अर्धा-पाऊण तास धरून ठेवा.

पहिला थांबा

निघाल्यावर वीस-पंचवीस मैलांनी, मोठ्या विश्रांतीस्थळावर, एकदा थांबायचं. प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू न्या, लगेच चिकटवू नका. सगळी चाकं सारखीच कोमट हवीत. एकच भाजत असेल तर त्याचा ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय. कपलर, साखळ्या, प्लग, ऑनिंग पुन्हा हाताने. चाक अलीकडेच काढून बसवलेलं असेल तर पन्नास मैलांच्या आत नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा आवळा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला.

आमच्याकडे या थांब्यावर आईचा चहा होतो. सिलिंडर उघडायचा, आलं ठेचायचं, पंधरा मिनिटं. मग सिलिंडर बंद, पातेलं कपाटात, पायरी आत, आणि दरवाजाच्या बाजूने एक अर्धी फेरी पुन्हा, कारण मधल्या वेळात कोणीतरी खुर्ची काढायला खालचा कप्पा उघडलेला असतोच.